सगळंच अळणी

३ मार्च
पुन्हा नकार! सेनानी कशाने गेले ते शोधायच्या समितीवर डॉक्टर मी एकटी, आणि त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरची वही मात्र दफ्तरखान्याच्या कुलपात. कारकून म्हणतो, "मॅडम, अर्जावर शिक्का डावीकडे मारलाय. उजवीकडे लागतो." डोकं फिरलं.

५ मार्च
समितीच्या अध्यक्षांना शोध नकोच आहे. "आचाऱ्याने विष घातलं, हे शाळेतलं पोरही सांगेल. तुम्ही फक्त कुठलं ते सांगा." दीडशे वर्षांपूर्वी त्या आचाऱ्याला फासावर चढवलं. का, तर सेनानींच्या ताटात रोज पांढरी पूड टाकताना दिसला. खाल्ल्या मिठाला जागला नाही म्हणे! सेनानींच्या जपून ठेवलेल्या केसांत विषाचा मागमूस नाही, हे तीनदा सांगून झालं. पालथ्या घड्यावर पाणी.

घरी ताईची वेगळीच तऱ्हा. नोकरी सोडून माझ्याकडे राहायला आल्यापासून दिवसभर लोळते. जेवायला बसली की सुरू — "अळणी आहे गं सगळं." आज मीठदाणीच आपटली तिच्यापुढे.

८ मार्च
ताई स्वयंपाकघरात नुसतं मीठ चाटत होती. नको ते बोलले मी.

११ मार्च
वही मिळाली! अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. पण लावलं. सेनानी वाळत चालले होते. उठले की डोळ्यांपुढे अंधारी. तळहाताच्या रेषा शाई भरल्यासारख्या काळ्या. आणि पुढे — "सारखे मीठ मागतात. आचाऱ्यास घालू दिले."

मीठ! ती पूड म्हणजे मीठ! मूत्रपिंडावरच्या ग्रंथी निकामी झाल्या होत्या, अंगात मीठ टिकत नव्हतं, बाकी काही नाही. आज असते तर रोजच्या गोळ्यांवर म्हातारे झाले असते. बिचारा आचारी. तोच एकटा मिठाला जागला.

१२ मार्च
अध्यक्षांनी पाच मिनिटं ऐकलं. "मिठाने कोणी मरतं का हो?" अहो, मिठावरच तर तगले होते! कपाळ माझं. तणतणत घरी आले, ताईवर ओरडले — ऊठ, जरा कामाला हात लाव. उठली, आणि भिंत धरून उभी राहिली. "थांब गं. अंधारी आली."

१३ मार्च
इस्पितळातल्या बाकावर लिहितेय. ताईला रक्त तपासायला आत नेलंय. सहा महिने माझ्यासमोर बसून जेवतेय ती. काल तिचा हात खिडकीपाशी उजेडात ओढला, तर हसली — "भविष्य बघतेस का गं?"

रेषा काळ्या होत्या.