बाविसावे मिनिट

३ नोव्हेंबर, सोमवार

चार नावे पक्की. पाचव्या जागेचा घोळ सुटत नाही.

साप्ताहिकाला यादी सतरा तारखेला द्यायची आहे — यंदाच्या पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाची पाच नामांकने कोणती असतील? चौदा वर्षांत सत्तर अंदाज, त्यांपैकी एकसष्ट अचूक. समीक्षक मंडळी चित्रपट पाहतात आणि तिथेच फसतात. मी यादी जाईपर्यंत एकही चित्रपट पाहत नाही. पहिल्या रांगेच्या कोपऱ्यात पडद्याकडे पाठ करून बसतो आणि प्रेक्षक पाहतो. कोण खोकले, कोणी घड्याळ पाहिले, दिवे लागल्यावर किती जण बसून राहिले — मिनिटागणिक नोंद, मिनिटागणिक गुण. निवड समितीही शेवटी माणसांचीच. त्यांनाही खोकला येतो.

आज बंदरावरचा चित्रपट. संथ. मिनिट बावीस : संवाद नाही, नुसती पावले, लाकडी जिन्यावरची. सात जणांनी घड्याळ पाहिले. उणे दोन.

डोअरकीपर म्हणतो, "साहेब, तिकीट पडद्याचं काढता आणि बघता आम्हाला!" मधूनच उठून जाणाऱ्यांची वेळ तोच मला चिठ्ठीवर टिपून देतो. अक्षर भयंकर, पण घड्याळ बरोबर.

५ नोव्हेंबर, बुधवार

ही बहिणीकडे गेली होती. गेले तीन बुधवार नेमाने जाते. बरे झाले. मुलगा गेल्याला एकवीस महिने झाले. इतके दिवस उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नव्हती.

८ नोव्हेंबर, शनिवार

चिठ्ठ्या तपासल्या. बंदराच्या चित्रपटाला दर बुधवारी दुपारी तीच नोंद : "एक बाई. तेविसाव्या मिनिटाला बाहेर."

डोअरकीपरला विचारले. म्हणाला, "एकच बाई आहे हो. डोक्यावर स्कार्फ, मागची रांग. येते, तेवीस मिनिटं झाली की उठते. मी आता आधीच दार धरून उभा राहतो."

पुन्हा पुन्हा येऊनही जिला चित्रपट पुरा सोसवत नाही, अशा प्रेक्षकाहून सबळ पुरावा कोणता? प्रत्येक वेळेचा एक गुण वजा केला.

"ते राहू दे, साहेब. तुमच्या यादीत नाव आलं तर मॅनेजर अजून तीन आठवडे ठेवील. नाहीतर एकवीसला उतरलाच म्हणून समजा. सगळ्या शहरात आमच्याकडेच लागलाय."

ते माझे काम नव्हे. तसे त्याला सांगितले.

११ नोव्हेंबर, मंगळवार

जेवताना हिने विचारले, "पाचवा कोणता घेताय?"

चौदा वर्षांत प्रथमच! आणि मुलगा गेल्यापासून तर या घरात चित्रपटाचे नाव काढण्याची सोय नव्हती. कारण मला ठाऊक आहे. पदवीच्या शेवटच्या वर्षी त्याने परीक्षा सोडली आणि चित्रपटांत गर्दीतला माणूस म्हणून उभा राहू लागला. मी म्हणालो होतो, "गर्दीत उभं राहणं याला काम म्हणत नाहीत." शब्द तोलून वापरले होते, आजही त्यांतला एक बदलावासा वाटत नाही. त्याने चपला घातल्या आणि जिना उतरून गेला. मी दार लावून घेतले. तीन महिन्यांनी मोटारसायकलचा अपघात. घरी आला तो रुग्णवाहिकेतून.

मी सांगितले — युद्धपट की बंदर, ठरत नाही.

"बंदराचा घ्या."

"का?"

"चांगला आहे म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"धाकटी." धाकटी म्हणजे हिची बहीण.

आवड निराळी, अंदाज निराळा, यादी म्हणजे शिफारस नव्हे — हे मी नीट समजावून सांगितले.

"अहो, एकदा घ्या ना. माझ्यासाठी म्हणून घ्या."

मी भात कालवायला घेतला. तिने ताटे उचलली. मी अजून जेवत होतो.

१२ नोव्हेंबर, बुधवार

ही बहिणीकडे.

१७ नोव्हेंबर, सोमवार

यादी दिली. पाचवा युद्धपट, फरक तीन गुणांचा. बुधवारच्या बाईचे चार गुण वजा झाले नसते, तर बंदर एका गुणाने पुढे गेला असता. पण नियम तो नियम.

संपादक म्हणाले, "तुमची यादी म्हणजे काळ्या दगडावरची रेघ!"

१९ नोव्हेंबर, बुधवार

अंक आला. हिने माझेच पान काढले, उभ्याउभ्या वाचले, अंकाची घडी घातली आणि स्कार्फ बांधून बहिणीकडे निघाली. "येते" म्हणाली नाही.

परतली तेव्हा दिवे लागले होते. इतका उशीर कधी होत नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी धाकटीचा फोन. "भावजी, ताई बरी आहे ना? महिना होऊन गेला, इकडे फिरकलीसुद्धा नाही. रागावली की काय माझ्यावर?"

म्हणालो, बरी आहे. दुसरे काय म्हणणार?

दुपारी उरलेल्या चिठ्ठ्या आणायला गेलो. डोअरकीपर दारातच भेटला. "साहेब, काल तुमची तेवीस मिनिटवाली बाई शेवटपर्यंत बसली! दिवे लागले तरी हलेना. शेवटी मीच म्हटलं, ताई, खेळ संपला. हे विसरून गेली बघा."

चष्म्याचे घर. आतल्या बाजूला पांढरी पट्टी : खरेदीची तारीख, दुकान, भिंगांचा क्रमांक. घरातल्या प्रत्येक वस्तूला मी अशी पट्टी लावतो.

माझे आठवड्याचे वेळापत्रक फ्रिजच्या दारावर असते, तेही मीच चिकटवतो. बुधवारी दुपारी मी शहराच्या दुसऱ्या टोकाला असतो. तिने ते वाचूनच वार निवडला!

घर खिशात ठेवून चालत आलो.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी ते टेबलावर तिच्यासमोर ठेवले. तिने हातात घेतले. उघडले, मिटले, उघडले.

"उतरला ना आज?"

"हो."

"त्याचा मित्र येऊन सांगून गेला होता. काकू, एकदा बघून या म्हणाला." माझ्याकडे न पाहता बोलत होती. "जिना उतरतो. तोंड अगदी स्पष्ट दिसतं. खाली आला की गर्दीत मिसळतो, मग नाही कुठं. नंतर बसून काय करायचं?"

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं, तर घेतला असता यादीत?"

खोटे मला बोलता येत नाही, आणि ते तिला ठाऊक आहे.

२२ नोव्हेंबर, शनिवार

दिवसभरात ती एवढेच बोलली — "त्या सोमवारी तुम्ही पहिल्या रांगेत होतात ना? मग तुमच्या पाठीमागूनच गेला की तो."

वही काढली. मिनिट बावीस. नुसती पावले. उणे दोन.