एकोणीस टक्के

आदरणीय साडूभाऊंस,

कंबरेतून वाकून नमस्कार. (वर यायला जरा वेळ लागेल, पाठ धरली आहे.) तुमचा गुडघा कसा आहे? मेहुणीबाईंची डोकेदुखी थांबली का? इकडे सगळे ठीक आहेत. एकमेकांशी बोलत नाहीत एवढंच.

परवाची हकिगत तिखटमीठ लावून तुमच्यापर्यंत पोचली असेलच. (बहिणीबहिणींच्या फोनला कसलंच इंधन लागत नाही.) आता खरं काय ते ऐका. विजेची गाडी घेताना मी शास्त्राचा मास्तर म्हणून पेट्रोल, गॅस, इथेनॉल, वीज असा रीतसर तक्ता केला होता. तुमची गॅसची गाडी त्यात शेवटून पहिली आली, हे मी तुम्हाला भर पंगतीत वाचूनही दाखवलं होतं. पण परवा लेकीची मुलाखत दहाला, ठिकाण चाळीस किलोमीटरवर, आणि सकाळी बघतो तर बॅटरी एकोणीस टक्के! टक्क्याला दोन किलोमीटर धरले तर अडतीस. उरलेले दोन उतारावर निघतील, असा हिशेब मी छातीठोकपणे मांडला.

दोन वर्षं पोर या एका मुलाखतीसाठी घासत होती हो. बारा टक्क्यांवर मी एसी बंद केला, काचा मात्र उघडू दिल्या नाहीत (हवा अडते). नवावर गाणी बंद. सातावर हिला गप्प बसायला सांगितलं. त्याने वीज वाचत नाही हे मलाही कळतं, पण गाडीत बंद करण्यासारखं दुसरं काही उरलंच नव्हतं. वाटेतल्या चार्जरवर कुणी गृहस्थ गाडी लावून चहाला गेलेले. (हसू नका, गॅसच्या रांगेत तुमची अख्खी झोप होते.) लेक फाईल छातीशी धरून नुसती आकड्याकडे बघत होती. चार. तीन. शेवटी ऐन चढावर गाडीने मान टाकली, तेव्हा दहाला वीस कमी होते. मी उतरून ढकलायला लागलो आणि पाठीत कळ आली. लेक उतरली, कोबीच्या टेम्पोला हात केला आणि गेलीसुद्धा. मला रडूच फुटलं. टेम्पो गॅसवरचा होता, हे हिने मला तिथल्या तिथे दोनदा सांगितलं.

तीन मिनिटं राखून पोचली. पहिली फेरी पार पडली. तात्पर्य, गाडी उत्तम आहे. दोष हिचा, हिने रात्री चार्जिंगचा प्लग काढून इस्त्री लावली असणार.

थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, विजेच्या गाडीला हसणाऱ्यांना काही नाही.

आपला,
साडू

ता. क. हिने इस्त्री लावलीच नव्हती. झोपण्याआधी घरभर फिरून बटणं बंद करायची तीस वर्षांची सवय माझी. चार्जिंगचं बटणही मीच बंद केलं. हिला अजून सांगितलेलं नाही.

आणखी एक. दुसरी फेरी सोमवारी, दहालाच. लेक म्हणाली, "बाबा, मी काकांबरोबर जाईन." चिडून नाही, अगदी मायेने म्हणाली, तेच जास्त लागलं. तर आठला तुमची गाडी घेऊन याल ना? मागे मीही बसेन, तोंड उघडणार नाही. फक्त मी येणार हे तिला आधी सांगू नका, नाहीतर ती बसने जाईल.