सगळेच ठीक

दादा-वहिनी, दोघांना नमस्कार, आईला वाकून.

डोकं फिरलंय नुसतं. मी आणि इथल्या एका डॉक्टरांनी छातीचे तेच शंभर एक्स-रे स्वतंत्रपणे तपासले. मला दहांमध्ये डाग दिसला. या महाशयांनी सरसकट ‘ठीक’ ठोकून दिलं. वर तोंड करून म्हणतात, “नव्वद जुळले की!” अहो, डोळे मिटून ‘ठीक’ लिहिलं तरी तेवढे जुळतातच! असं आपोआप जुळणारं वगळून खरं एकमत मोजतात, त्या आकड्याला संख्याशास्त्रात ‘कॅपा’ म्हणतात. आमचा शून्य आला. आता सगळं पहिल्यापासून.

आणि तुम्ही! दोघंही दर पत्रात ‘आई ठीक आहे’ लिहिता. मग खाली तिच्या हातची ओळ हल्ली का नसते? एकदा तरी ‘बरं नाही’ लिहा, म्हणजे तुमच्या ‘ठीक’वर विश्वास बसेल.

मी ठीक आहे.

तुमची धाकटी