पिवळ्या पाकिटाचा साक्षीदार

चाकण, २७ जून २०२४

चि. वर्षालीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा अंगारकीला घरचा सगळा मसाला मागणीत गेला, म्हणून तुझ्या आतोबांना दुकानातून मी विकते त्या ‘जयमाला’ मसाल्याचेच एक पाकीट आणायला धाडले. त्याची आमटी केली. माझा उपवास, त्यामुळे चव पाहिली नाही. त्यांनी दोन वाट्या निमूट संपवल्या. संध्याकाळी रिकामे पाकीट हाती आले. तोच पिवळा रंग, तीच हिरवी किनार, मधोमध तसेच उखळ. फक्त ‘जयमाला’च्या जागी ‘विजयमाला’. विचारले तर म्हणाले, पाकीट तर तेच हाय की.

हा मसाला लोकांनी माझा म्हणून खाल्ला, तर अठरा वर्षांचे नाव जाईल. पण खरे सांगते, माझी चव न ओळखता संपवलेल्या त्या दोन वाट्या मला जास्त लागल्या. तेव्हापासून त्यांच्याशी कामापुरतेच बोलते. तू कायदा शिकवतेस; उपाय कळव.

तुझी आत्या,
जयमाला

ताथवडे, ३० जून २०२४

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

आतोबांवर रागावू नकोस. ते आपला उत्तम पुरावा आहेत. कायदा दोन पाकिटे शेजारी ठेवून फरक मोजत बसत नाही. शिफ्ट सुटल्यावर घाईने दुकानात शिरलेले साधे गिऱ्हाईक, मनातल्या जुन्या ओळखीवर विसंबून, फसेल का, एवढेच तो पाहतो. इथे तर घरधनीच फसले. याहून सुंदर उदाहरण मला वर्गात कधी मिळाले नव्हते.

तुझे नाव नोंदवलेले नसले, तरी सततच्या वापराने कमावलेली ओळख कायदा राखतो. म्हणून छपाईवाल्याचे पहिले बिल आणि जुने पाकीट शोध. नकली पाकीट टाकू नकोस. त्याच्या मागचा पत्ता नोटिशीला लागेल. उत्पादक कोण, हे कळणे गिऱ्हाइकाचाही हक्कच आहे. नोंदणीचा अर्जही आता करूनच टाकू. आतोबांनी घडले तसे सगळे लिहून, सही करून थेट मला पाठवावे.

अबोला मात्र आटोप. साक्षीदाराला जपावे लागते.

तुझी भाची,
वर्षाली

चाकण, ११ ऑगस्ट २०२४

चि. वर्षालीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या वकील मैत्रिणीच्या नोटिशीला उत्तर आले. त्या उत्पादकाने माल परत उचलला. नाव बदलले, नवे पाकीट निळे केले. तुझे आतोबा आता मिठाची पिशवीही उलटून पत्ता वाचल्याशिवाय घेत नाहीत. दुकानदार म्हणाला, सोपानराव, मीठ समुद्राचंच हाय.

कागदांबरोबर तू धाडलेली त्यांच्या जबाबाची प्रत आज वाचली. शेवटी लिहिले आहे: ‘पहिल्या घासालाच चव बिघडलेली समजली. पण बायकोने उपाशीपोटी रांधलेले. तिचा हात चुकला असेल, तिला वाईट वाटू नये, म्हणून दुसरी वाटी मागून घेतली.’

महिनाभर तुला हे ठाऊक होते आणि तू कळवले नाहीस, याचा जाब रविवारी घेईन. जेवायलाच ये. मसाला घरचा आहे; लोभही तसाच राहू दे.

तुझी आत्या,
जयमाला