बर्फाचा दोष नाही

सुगंधा,

तू गाढ झोपलीस, म्हणून उठवलं नाही. दवाखान्यात तुझा नंबर लावायला पुढे गेलोय. तू रिक्षाने ये.

तुझा आवाज बसला, बोटं सुजली, सारखी थंडी वाजायला लागली. जेटीवर दिवसभर मासळी विकतेस, तेव्हा हे बर्फामुळेच, असं आपण धरून चाललो. पण पावसाळ्यासाठी बोटी बंद होऊन महिना झाला. बर्फाला हात नाही, तरी पंखा बंद करून गोधडीत बसतेस. डॉक्टरांना काल सांगितलं. म्हणाले, थायरॉईड असू शकतो, रक्त तपासल्यावर कळेल. औषध आहे त्याला.

तुला न विचारता गेलो, म्हणून आल्यावर शिव्या घाल. पण पूर्वीसारख्या, अख्ख्या जेटीला ऐकू जातील अशा.

बाबल्या