टोचलेल्या मोसंब्या

मुकुंदवाडी,
शुक्रवार, ५ मार्च २०२१

चि. वच्छलास अक्काचा आशीर्वाद.

आम्ही बरे आहोत. तुझे गुडघे दुखतच असतील, त्यात विचारायचं काय. बद्रीनाथच्या हाती तू धाडलेल्या मोसंब्या पोचल्या. एकही खाल्ली नाय. माझ्या नातीनं, आपल्या मोनिकानं, सुईनं टोचून टोचून त्यांची चाळण केली. येत्या सोमवारपासून तिला तुमच्या करमाडच्या दवाखान्यात कोरोनाची लस टोचायचं काम लागलंय. सुईत नुसतं पाणी भरती अन् मोसंबीला विचारती, "चक्कर येते का, आज्जी?" मी म्हणलं, "आज्जी इकडं बसलीय, बये."

फोन केला नाय, कारण पोरगी सारखी शेजारी असते. म्हणून पेन्सिल घेतली; चिठ्ठी बद्रीनाथच्याच हाती धाडते. अक्षराला हसू नको, तुला तर तेवढंही येत नाय. सुनेकडून वाचून घे, दार लावून.

तू गावभर सांगत फिरतीस म्हणं, लस घेतली की माणूस आठ दिवसांत जातं. खरं का खोटं, मला कळंना. टीव्हीवाला एक सांगतो, शेजारीण दुसरंच.

मोसंबीवर तिचा हात लई स्थिर. काल माझ्या दंडाला नुसता कापूस लावला, तर थरथरायला लागला.

"काहून गं?"

"काही नाय, आज्जी."

मला ठावं आहे काहून. गेल्या साली तुझ्या दाजींना ताप आला, तवा हीच हट्टानं दवाखान्यात घेऊन गेली. ते परत आले नाय. तोंडही बघायला मिळालं नाय. दहाव्याला तुम्हा सगळ्यांदेखत मी म्हणलं, "हिनंच नेऊन घातलं." तू मान डोलावलीस. तिनं ऐकलं.

घरी ठेवलं असतं तर जगले असते का? नाय वाटत. कधी वाटतंही. मग म्हणलं कशाला? रागाला कोणीतरी लागतं, ही हाताशी होती.

माफी कशी मागतात, मला येत नाय. इतकी वर्षं भाजी विकली, एवढं कळतं की भवानीचं, पहिलं गिऱ्हाईकच फिरलं तर दिवसभर हात चालत नाय. सोमवारी पहिल्या बसनं येते, आधार कार्ड पदराला बांधून. तिला कळू देऊ नको. रांगेत पहिली मी, दुसरी तू. तू नाय आलीस तर गाव यायचं नाय, अन् पोरगी रिकाम्या खुर्चीकडं बघत बसंल.

मला भ्या वाटतं, वच्छे. हे सुनेनं मनातच वाचावं.

सैल बाह्यांचं झंपर घाल.

तिचा हात थरथरला तरी दंड मागं न घेणारी,
तुझी अक्का