मुठीनं मिरची

तीर्थरूप केसर आक्कांच्या पायावर धाकट्या भावजयीचा, गंगासागरचा, डोकं टेकून शरणार्थ.

इकडं सगळं बरं हाय. तिकडं गेवराईला तुमचा गुडघा काय म्हणतो, दाजींचा खोकला हटला का, म्हशीनं यंदा तरी वगार दिली का पुन्हा टोणगाच, ते सवडीनं कळवा. तुमच्या आई, म्हंजे माझ्या सासूबाई, खुशाल हायत. त्यांना दिसतं कमी, पण म्हणून बोलणं कमी झालं असं काई न्हाई (त्यांना पत्र वाचून दाखवताना हे वाक्य मी गाळणार हाय). पत्राला तसं खास कारण न्हाई. दाजींकडं एक लहानसं काम हाय, तेवढ्यासाठी लिवते. आणि मधल्या काळात इकडून आलेल्या कुणी तुमच्या कानावर माझ्याबद्दल काई घातलं असंल, तर ते लगेच धरू नका. आधी माझं वाचा, मग काय म्हणायचं ते म्हणा. तुमी म्हणाल त्याच्या बाहेर मी न्हाई, हे तुमाला माहीत हाय.

तर काम असं, की तुमच्या माहेरचा बाजार आता पयल्यासारखा राहिला न्हाई. दिल्लीत म्हणे नवं धोरण आलंय, सगळं खुलं केलंय, ज्याला जे पायजे ते त्यानं विकावं. (आमी आधीपासून तेच करतो, पण आमाला कुणी विचारलं न्हाई.) त्या धोरणाचं वारं आपल्या बाजारालाबी लागलं. यंदा बाजाराचा गुत्ता, म्हंजे वसुलीचा ठेका, बद्रीनाथ नावाच्या गुत्तेदारानं घेतला. पयलं कसं, पोतं आंथरलं की एक रुपया तहबजारी द्यायची, पावती घ्यायची आणि बसायचं. बद्रीनाथ म्हणला, हे आता जुनं झालं. ज्याचा धंदा जास्त त्यानं जास्त द्यायचं, आणि धंदा कळतो तागडीवरून, म्हणून हितून पुढं तागडीमागं पाच रुपये. आमची बायनाबाई लसूणवाली म्हणली, माझी तागडी निम्मा दिवस रिकामी लोंबकळती, तेवढ्या वेळाचे पैसे तू मला दे. ते काई त्यानं दिले न्हाईत.

मग पारावर बैठक झाली. संप करायचं ठरलं. पण आक्का, माणसाला संप कळतो, वांग्याला कळत न्हाई. दुपारपर्यंत भाजीवाले फुटले. मग दुसरी शक्कल निघाली की एका रांगेत एकच तागडी ठेवायची आणि सगळ्यांनी फिरवून वापरायची. ती तागडी अशी फिरली म्हणता, गिऱ्हाईक माझ्यापुढं, मिरची माझ्यापुढं आणि तागडी तिकडं सिदू गूळवाल्याकडं. संध्याकाळी माझ्या मिरचीला मुंगळे लागले, आणि सिदूचा गूळ ज्यांनी नेला त्यांच्या घरी काय झालं ते सिदू सांगत न्हाई. शेवटी सगळे म्हणले, तागडीच नको. ज्याच्याकडं तागडी न्हाई त्याच्याकडं बद्रीनाथ काय मागणार? भाजीवाल्यांनी वाटे लावले, फळवाल्यांनी मोजून दिलं, आणि आमी मिरची, लसूण, शेंगदाणेवाल्यांनी मुठीनं द्यायचं ठरवलं. एक मूठ, एक भाव.

तुमच्या भावाची तागडी मी पुसून, तेलाचा हात लावून खुंटीला टांगली. लई जड गेलं, खरं सांगते. रुद्रप्पा गेले तेव्हा भावकीतली माणसं म्हणत होती, बाईमाणसानं बाजारात पोतं आंथरून बसणं शोभत न्हाई. तेव्हा तुमी ती तागडी आणून माझ्या मांडीवर ठेवली होती. बांगड्या फोडायला आलेल्या बायांनाबी तुमीच दारातून माघारी लावलं. त्या बांगड्या पुढं काम करता करता आपल्या आपण फुटल्या. नव्या काई मी भरल्या न्हाईत, ते असू द्या. मी कुठं चालले, मिरचीवर येते.

मुठीचा कारभार सुरू झाला आणि पयल्याच बाजारात माझं दिवाळं निघालं. बाया माल बघंनात, हात बघायला लागल्या. जोशानं बघावा तसा बघायच्या, उलटा करून, बोटं ताणून. बायनाबाईचा पंजा म्हंजे सूप हाय, तिचा लसूण उन्हं वर यायच्या आत संपला. आणि माझा हात तुमाला माहीत हाय. मला सव्वादोनचीच बांगडी बसती. मला बघायला आलता तेव्हा तुमीच सगळ्यांना माझे हात दाखवून म्हणलं होतं, पोरीचे हात कसे फुलावानी हायत बघा. त्या फुलानं आता माझं पोतं भरल्या पोटी घरी यायला लागलं. एक म्हातारी तर माझ्या मुठीतली मिरची बघून म्हणली, बाई, ही भाजीला देतीस का दृष्ट काढायला. सासूबाई जवळच बसलेल्या (त्या बाजाराला यायचं सोडत न्हाईत, घरी त्यांना भांडायला कुणी न्हाई). त्या म्हणल्या, हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तीन बाजार असे गेले. पोतं हलंना, आणि घरात दोघींना खायला लागतंच.

आता माझ्या शेजारी कोण बसतं ते सांगायला पायजे. मृत्युंजय आप्पा म्हणून हायत, आष्टीकडचे, आपल्यातलेच. घरचं माणूस जाऊन लई वर्षं झाली, मागं कुणी न्हाई. पयले मोंढ्यात पोती उचलायचे. पाठ गेली तेव्हा डॉक्टरनं हलकं काम करा म्हणून सांगितलं, तर ह्यांनी बाजारात सगळ्यात हलकं काय विकतात ते बघितलं आणि सुया, दोरे, बटणं, मणी घेऊन बसले. हात बघाल तर नांगराचे फाळ. त्या हाताला सुई घावती का? गिऱ्हाईक एक सुई मागतं, ह्यांच्या बोटातून चार मातीत पडतात, मग हे दोरीला बांधलेलं लोहचुंबक फिरवत बसतात. अर्धा दिवस धंदा, अर्धा दिवस उत्खनन. बोलणं तर असं, की त्यांच्यापेक्षा माझी मिरची जास्त बोलती.

चौथ्या बाजाराला वत्सलाबाई आल्या, अंगणवाडीतल्या. माझी मूठ बघितली, शेजारी नजर टाकली आणि म्हणल्या, मिरची तुमची घेते, पण हात त्यांचा लावा. मी लाजेनं मेले. हे उठले, लोट्यातल्या पाण्यानं हात धुतले, पदर धरावा तसं उपरणं सावरलं आणि पोत्यात हात घातला. मूठ वर आली तशी रांगेतल्या बाया भाजीवाल्याला सोडून आल्या. घंटाभरात निम्मं पोतं रिकामं. मी देवाचे आभार मानते तोवर ह्यांनी त्याच हातानं डोळा पुसला.

आक्का, नंतर जे झालं ते मी सांगून तुमाला कळायचं न्हाई. एवढा मोठा गडी, पोती उचललेला, गपचीप बसून रडत होता आणि कुणाला दिसू नये म्हणून आभाळाकडं बघत होता. सासूबाई विचारायला लागल्या, कोण मेलं. मी पाण्याची बादली ओतली. त्या दिवशी ह्यांची गिऱ्हाइकं मला बघावी लागली, आणि माझ्या लहान हाताला सुया, मणी, बटणं अशी घावली की विचारू नका. एकबी सुई मातीत गेली न्हाई. तवापासून आमच्यात ठरूनच गेलं. तेबी काई बोलून न्हाई. मिरची माझी, मूठ त्यांची. सुया त्यांच्या, बोटं माझी.

पण ताप काय कमी हाय? एकदा हात मिरचीत गेला की ह्या माणसाला दिवसभर कशालाच हात लावता येत न्हाई. नाक खाजलं तर काय करणार? सासूबाईंना सांगतात, आणि सासूबाई काठीच्या टोकानं खाजवतात (अंदाजानं, एकदा टोक कानात गेलतं). चहा आला की कपबी सासूबाईच धरतात. मी धरत न्हाई, चार लोकांत बरं दिसत न्हाई. आणखी ऐका. ह्यांची मूठ लई मोठी, त्या भावात मला परवडंना. मी बजावलं की करंगळी दुमडून मूठ भरायची. तसं करतात. पण एखादी बाई आली, फाटकं लुगडं, कडंवर लेकरू, की ह्यांची करंगळी उघडती. मी दोनदा बघितलं, तिसऱ्यांदा विचारलं. तर म्हणले, "मी न्हाई उघडत. ती आपली आपण उघडती." असल्या माणसाबरोबर धंदा कसा करायचा, तुमीच सांगा. आणि त्या दिवशी घरी येताना माझा राग कुठं गेला ते मलाच सापडंना.

तर लोक बोलायला लागले. बोलणारच, बाजार हाय तो. बायनाबाई म्हणती बोलू दे, पण ती लसूण विकती, तिला कशाचाच वास येत न्हाई. म्हणून दाजींना माझी विनंती हाय की त्यांची वरपर्यंत ओळख हाय, त्यांनी कुणाकडं शब्द टाकून हा तागडीमागचा कर तेवढा काढायला लावावा. म्हंजे माझी तागडी मला, त्यांच्या सुया त्यांना, आणि लोकांची तोंडं बंद. तुमी दाजींना जेवण झाल्यावर सांगा, जेवायच्या आधी ते काई ऐकत न्हाईत. थंडीचं गुडघ्याला तेल लावा. लहानथोरांना माझा शरणार्थ सांगा.

तुमचीच,
गंगासागर

ता. क. दाजींना सांगू नका. कर निघाला. निघून बरेच बाजार झाले, वर लिवायचं राहिलं. त्याचं असं झालं की बद्रीनाथची बायको मिरची घ्यायला आली. मृत्युंजय आप्पा हात पुढं करत होते, मी त्यांना सरकवलं आणि माझ्या स्वतःच्या हातानं तिला मूठ भरून दिली. पूर्ण भाव घेतला. ती मिरची बघून घरी काय झालं ते भिंतीपलीकडच्यांनी ऐकलं. पुढच्या बाजाराला तागड्या माघारी आल्या आणि एक रुपयाची पावतीबी.

ता. क. दुसरं. म्हंजे आता तुमच्या भावाची तागडी पुन्हा माझ्यापुढं असती. मी त्या दिवशी ती घेऊन बसले, तर मृत्युंजय आप्पांनी तिच्याकडं बघितलं, हात धुतलेले होते ते उपरण्याला पुसले आणि आपल्या सुयांपाशी जाऊन बसले. गिऱ्हाईक आलं. सुया मातीत पडल्या. ते चुंबक फिरवायला लागले. मला ते बघवंना. मी तागडीत मिरची मोजली, काटा बरोबर आला, आणि तरीबी म्हणलं, आप्पा, वरून एक मूठ तुमच्या हातानं घाला. तवापासून तसंच चाललंय. वजन तागडीचं, वरची मूठ त्यांची. धंद्यात खोट हाय, मला माहीत हाय. सासूबाई घरी येताना म्हणल्या, "पोरी, मला दिसत न्हाई, पण त्यानं कप धरू दिला तवा मला कळलं. रुद्रप्पाबी असाच गप बसून चहा प्यायचा. त्याला घरात आण. मी काई गेवराईला जायची न्हाई, मी तुमच्यातच राहीन." मी रस्त्यातच रडले. मिरचीचा हात न्हवता, तरी.

ता. क. शेवटचं, हेच खरं. तुमी रुद्रप्पांच्या बहीण, तुमाला जे वाटंल ते मला मान्य हाय. न्हाई म्हणलात तर मी तागडी घेऊन बसंन, पयल्यासारखी, आणि रुसणार न्हाई. पण हो म्हणलात तर एक मागते. मला माहेर न्हाई, माझ्या बाजूनं उभं राहायला कुणी न्हाई. तुमी भावाच्या बहीण म्हणून येऊ नका, माझी थोरली बहीण म्हणून या. मागच्या बाजाराला मृत्युंजय आप्पांनी सासूबाईंच्या ओंजळीत कागदाची पुडी ठेवली आणि उठून गेले. हिरव्या बांगड्या हायत. सव्वादोनच्या. माप त्यांना कुणी सांगितलं न्हाई. एवढ्या मोठ्या हातानं त्या न फुटता कशा आणल्या, देव जाणे. मी त्या घातल्या न्हाईत, डब्यात ठेवल्यात. तुमी या आणि तुमच्या हातानं भरा.